पॉइंट वाढले म्हणजे अटॅक सुधारला का?

मागच्या अंकात बास्केटबॉलचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं. इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, आपल्याकडे बेळगाव भागात कुस्ती, फुटबॉल आणि क्रिकेट सोडून कोण काय विचारणार असाच माझा समज होता, पण टिळकवाडी, निपाणी, खानापूर, चिकोडी सगळीकडून आलेत आणि गंमत म्हणजे फिरून फिरून एकच गोष्ट विचारलीय, गेल्या वर्षीची टीम चांगली की यंदाची, आणि ते ठरवायचं कसं. त्यातले पाच घेतलेत. पहिल्यावर जास्त लिहिलंय कारण त्या ताईंनी वहीच पाठवून दिली.

प्रश्न : सर, मी टिळकवाडीत राहते, शाळा सुटल्यावर संध्याकाळी मुलींच्या टीमला शिकवते. गेल्या सीझनला १२ मॅच खेळलो, मॅचला सरासरी ५४ पॉइंट मारले, ४९ खाल्ले (म्हणजे समोरच्यांनी आमच्यावर मारले), ८ जिंकलो. यंदा पण १२ च मॅच, मारले ६३, खाल्ले ६२ आणि जिंकलो नुसत्या ६. आता पालक म्हणायलेत की अटॅक झकास झालाय पण डिफेन्सची पार वाट लागलीय, रोज डिफेन्सचीच प्रॅक्टिस घ्या. आकडे बघितले तर तसंच दिसतंय पण माझं मन घेईना ओ, मुली जीव तोडून डिफेन्स करायल्यात, मी बाजूला उभी राहून बघते की रोज. नेमकं काय बिघडलंय?

उत्तर : ताई, तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे, आणि पालकांचं दोन्ही बाजूंनी चुकलंय.

तुम्हाला मी वहीचे फोटो पाठवा म्हटलं आणि तुम्ही रात्री साडेदहाला चोवीस पानं पाठवलीत, त्याबद्दल आधी आभार. बेंचवरची मुलगी लिहिते म्हणालात ना, तिला सांगा फार छान वही ठेवलीय. पेन्सिलीच्या चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, चुकलेल्या शॉटला गोल, पडलेल्याला भरलेला गोल, आणि तिसऱ्या मॅचपासून उजवीकडं पट्टीनं एक नवीन रकाना आखलाय, वर लिहिलंय ‘घालवले’. तो रकाना नसता तर मला हे उत्तर देताच आलं नसतं. पहिल्या दोन मॅचचे टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच घालवलेले बॉल, तुम्ही फोनवरचा व्हिडिओ बघून भरून दिलात ते पण बरं झालं.

आता मुद्दा. मॅचला किती पॉइंट झाले हे बघून अटॅक कळत नाही, कारण बॉल आपल्या हातात किती वेळा आला हे त्यात धरलेलंच नसतं. बॉल आपल्याकडं आल्यापासून समोरच्या टीमकडं जाईपर्यंत एक ताबा, सगळे पझेशन म्हणतात तेच. शॉट पडला, चुकला आणि त्यांनी रिबाउंड (चुकून परत उडालेला बॉल) घेतला, पास चुकला, ट्रॅव्हल झालं (टप्पा न मारता बॉल घेऊन चाललं), कसाही गेला तरी ताबा संपला. आणि शॉट चुकून आपणच रिबाउंड घेतला तर ताबा तोच चालू. हे एकेक मोजत बसायला नको, वहीतनंच निघतं : एकूण शॉट, त्यात फ्री थ्रोची (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) संख्या गुणिले ०.४४ मिळवायची, अटॅकमधले रिबाउंड वजा करायचे आणि टर्नओव्हर मिळवायचे. बास.

तुमच्या वहीत गेल्या सीझनला मॅचला सरासरी ५८ शॉट, १५ फ्री थ्रो, १२ अटॅक रिबाउंड, १८ टर्नओव्हर. म्हणजे ५८ अधिक ६.६, वजा १२, अधिक १८, झाले ७०.६ ताबे. यंदा ६८ शॉट, फ्री थ्रो तेवढेच १५, अटॅक रिबाउंड ११ आणि टर्नओव्हर २४. झाले ८७.६. बघा, मॅचला १७ ताबे जास्त! तुमची टीम यंदा खूप पळायलीय, आणि पळाल्यावर दोन्ही बाजूचे पॉइंट वाढणारच, कारण ताबा आलटून पालटून जातो त्यामुळं दोन्ही टीमला जवळपास सारखेच मिळतात.

आता १०० ताब्यांमागं काढू. गेल्या सीझनला तुम्ही १०० ताब्यांत ७६.५ मारले, यंदा ७१.९. खाल्ले गेल्या सीझनला ६९.४, यंदा ७०.८. म्हणजे डिफेन्स जवळपास आहे तिथंच आहे, दीड पॉइंटसुद्धा सरकला नाही, आणि जो अटॅक झकास झालाय म्हणून कौतुक चाललंय तोच साडेचार पॉइंटनं खाली आलाय. मी दोनदा हिशेब करून बघितला.

अटॅक कुठं गळतोय ते पण वहीतच आहे. डीन ऑलिव्हर म्हणून अमेरिकेतले एक अभ्यासक आहेत, त्यांनी अटॅकचे चार भाग सांगितलेत, शॉट किती चांगले पडतात, बॉल किती वेळा घालवता, चुकलेल्या शॉटचे रिबाउंड किती आणता आणि फ्री थ्रो किती मिळवता. शॉट बघितले तर गेल्या सीझनला ५८ मधले २२ पडले त्यात ३ थ्री पॉइंटर (लांबच्या लाइनबाहेरून मारलेले, तीन पॉइंटचे), यंदा ६८ मधले २६ पडले त्यात ४ थ्री. थ्री पॉइंटर दीड बास्केट धरला की गेल्या सीझनचे ४०.५ टक्के आणि यंदाचे ४१.२. म्हणजे नेम बिघडलेला नाही, उलट किंचित सुधारलाय. फ्री थ्रो दोन्ही सीझनला १५ मधले ७, ती प्रॅक्टिस घ्यायलाच पाहिजे पण आताचा मुद्दा तो नाही. टर्नओव्हर १०० ताब्यांत २५ च्या जरा वर होते ते २७ च्या जरा वर गेले, थोडं वाढलं.

खरी गळती रिबाउंडला आहे. गेल्या सीझनला मॅचला ३६ शॉट चुकले आणि त्यातले १२ तुम्ही परत आणले, तीनात एक. यंदा ४२ चुकले आणि परत आणले ११, म्हणजे चारातला एक. गेल्या सीझनसारखं तीनात एक आणलं असतं तर १४ आले असते, म्हणजे मॅचला बॉल आणखी तीनदा हातात राहिला असता. तुम्ही फोनवर म्हणालात की उंच मुलगी एसएसएलसी (दहावी) करून बाहेर पडली म्हणून तुम्ही सगळ्यांना पळायला शिकवलंत, शॉट गेला की मागं पळा. विचार बरोबर होता पण आता पाचही जणी मागं पळायल्यात, रिंगखाली आपलं कुणीच नाही. मी तुमच्या जागी असतो तर शॉट उडाला की तिघी मागं आणि दोघी रिंगकडं असं ठरवून टाकलं असतं, आणि त्या दोघी कोण हे शॉट मारायच्या आधी ठरलेलं पाहिजे. व्हिडिओत तुमच्या मुली एकमेकींना ‘इल्ली, इल्ली’ (इथं), ‘बा, बा’ (ये) ओरडताना ऐकल्या, एक मराठीत सांगते दुसरी कन्नडमध्ये उत्तर देते, मला फार बरं वाटलं ते ऐकून. तसंच रिबाउंडला जाणारीनं ‘मी’ म्हणून ओरडायचं, कुठल्याही भाषेत ओरडा.

एक गोष्ट मात्र तपासून बघा. गेल्या सीझनला तुमच्या सगळ्या मॅच जिल्ह्यातच होत्या, यंदा पाच मॅच कोल्हापूर आणि धारवाडला जाऊन खेळलात. समोरची टीम तगडी असेल तर आकडे खाली येणारच, त्यात टीम वाईट झाली असं नसतं. तेव्हा दोन्ही सीझनला ज्या टीमशी खेळलात तेवढ्याच मॅच बाजूला काढा आणि हाच हिशेब परत करा. मॅच कमी उरतील पण तुलना सरळ होईल. आणि तगड्या टीमविरुद्ध खेळूनसुद्धा डिफेन्स ७० च्या आसपासच राहिला असेल तर तो सुधारलाय असंच मी म्हणेन. पालकांच्या मीटिंगला हा कागद घेऊन जा.

प्रश्न : आमच्या घरी रोज भांडण आहे. मी ९६ च्या शिकागो बुल्सवर वाढलोय, पोरगा स्टेफ करीच्या गोल्डन स्टेटवर. तो म्हणतो ११५ पॉइंट मारणारी टीम मोठी, तुमच्या बुल्सनी १०५ मारले. मी म्हणतो आमच्यांनी ९३ च खाल्ले, तुमच्यांनी १०४. निपाणीत निवाडा करणारं कोणी नाही, तुम्ही करा.

उत्तर : दादा, तुम्ही दोघांनी आपापल्या सोयीचा आकडा उचललाय, पण आकडे दोघांचेही खरे आहेत. १९९५-९६ च्या बुल्सनी मॅचला १०५.२ मारले, ९२.९ खाल्ले, ७२ जिंकल्या १० हरल्या. २०१५-१६ च्या गोल्डन स्टेटनी ११४.९ मारले, १०४.१ खाल्ले, ७३ जिंकल्या ९ हरल्या.

पण बुल्सना ४८ मिनिटांत साधारण ९१ ताबे मिळायचे आणि गोल्डन स्टेटना ९९. हे धरून १०० ताब्यांमागं काढलं की बुल्सचा अटॅक ११५.२ आणि गोल्डन स्टेटचा ११४.५. तुमच्या पोराला जो दहा पॉइंटचा फरक दिसतोय तो गायबच झाला! आणि डिफेन्सला बुल्स १०१.८, गोल्डन स्टेट १०३.८, म्हणजे तुमचा अकरा पॉइंटचा फरक पण दोनावर आला. दोघांचाही फुगा फुटला.

इथं थांबू नका, अजून एक पायरी आहे आणि ती लोक विसरतात. त्या त्या सीझनला बाकीच्या टीम काय करत होत्या ते बघायचं. १९९५-९६ ला एनबीएची, म्हणजे या दोन्ही टीम खेळतात त्या अमेरिकेतल्या लीगची, सरासरी १०० ताब्यांत १०७.६ होती, २०१५-१६ ला १०६.४. म्हणजे बुल्स अटॅकला सरासरीच्या ७.६ वर, गोल्डन स्टेट ८.१ वर, इथं पोरगा थोडासा पुढं. डिफेन्सला बुल्स सरासरीपेक्षा ५.८ कमी खायचे, गोल्डन स्टेट २.६ कमी, इथं तुम्ही बरेच पुढं. दोन्ही मिळवून बुल्स १३.४ आणि गोल्डन स्टेट १०.७. माझं मत विचाराल तर बुल्स, आणि ते मी बुल्सच्या मायकेल जॉर्डनवर जीव आहे म्हणून नाही सांगत, डिफेन्सचा तो ५.८ बघून सांगतोय. शिवाय बुल्सनी तो सीझन फायनलला सिएटलला ४-२ हरवून जिंकून संपवला, आणि गोल्डन स्टेट फायनलला ३-१ पुढं असून क्लीव्हलंडकडनं हरले.

पोराची बाजू पण मांडतो, नाहीतर तो मला पत्र लिहील. १९९४-९५ पासून तीन सीझन एनबीएत थ्री पॉइंटची लाइन सगळीकडनं २२ फुटांवर आणली होती, बुल्सचा तो सीझन त्यातला मधला. आता ती समोरून २३ फूट ९ इंच आहे. म्हणजे बुल्सचे थ्री जरा जवळून होते. आणि तेव्हा झोन डिफेन्सला (माणूस न धरता जागा धरून करायच्या डिफेन्सला) बंदी होती, ती २००१-०२ ला उठली. नियमच वेगळे म्हटल्यावर शेवटच्या अर्ध्या पॉइंटवर भांडण्यात अर्थ नाही. एक सांगून ठेवतो, वेगवेगळ्या साइट ताबे मोजायची पद्धत थोडी वेगळी ठेवतात, त्यामुळं एका टीमचा आकडा इथनं आणि दुसरीचा तिथनं असं करू नका, दोन्ही एकाच ठिकाणचे घ्या.

सरासरी किती हलते ते पण पोराला दाखवा. २००३-०४ ला एनबीएची सरासरी १०० ताब्यांत १०२.९ होती, २०२३-२४ ला ११५.३. वीस वर्षांत बारा पॉइंट! २००३-०४ ला डॅलसनी ११२.१ मारले, म्हणजे सरासरीच्या ९.२ वर, तेवढ्या वर जाणारे फार थोडे. तेच ११२.१ कुणी २०२३-२४ ला मारले असते तर सरासरीच्या खाली गेले असते. त्या वर्षी चॅम्पियन झालेल्या बॉस्टनचा आकडा १२३.२ आहे, डॅलसपेक्षा अकरानं मोठा दिसतो, पण सरासरीच्या वर बघितलं तर ७.९ च.

प्रश्न : ताबे काढताना फ्री थ्रोला ०.४४ नं गुणतात, ते ०.४४ कुठून आलं? फ्री थ्रोला अर्धा का नाही? — खानापूर, बारावी सायन्स

उत्तर : चांगला प्रश्न. फ्री थ्रो बहुतेक दोन दोन मिळतात म्हणून दोघांचा मिळून एक ताबा, तिथपर्यंत अर्धा बरोबर. पण बास्केट पडून वर एक फ्री थ्रो मिळतो तेव्हा तो ताबा शॉटमध्ये आधीच मोजलेला असतो, त्या फ्री थ्रोला शून्य. टेक्निकल फाउलच्या (बेशिस्त वगैरे बद्दलच्या) फ्री थ्रोनंतर ताबा संपतोच असं नाही. थ्री पॉइंटर मारताना फाउल झाला तर तीन फ्री थ्रोंचा एकच ताबा. हे सगळं धरून एनबीएत अर्ध्यापेक्षा थोडं खाली, ०.४४ वर येतं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलला ०.४७५ धरायची पद्धत आहे. आपल्या शाळेच्या मॅचला यातलं कुठलंही घ्या, १५ फ्री थ्रोत फरक अर्ध्या ताब्याचा पडतो. फक्त दोन्ही सीझनला एकच घ्या.

प्रश्न : आमच्या क्लबात सर म्हणतात पळत राहा, जास्त पॉइंट होतील, जास्त पॉइंट म्हणजे चांगला अटॅक. मला पटत नाही पण सरांना कसं सांगू? — चिकोडी

उत्तर : सरांना उलट बोलू नकोस, दोन उदाहरणं सांग. १९९०-९१ ला डेन्व्हर नगेट्सनी मॅचला ११९.९ पॉइंट मारले, त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त. आणि ८२ मॅचपैकी जिंकल्या किती, तर २०. कारण खाल्ले १३०.८. इतकं पळायचे की मॅचला ११३ च्या वर ताबे व्हायचे. १०० ताब्यांमागं बघितलं तर त्यांचा अटॅक लीगच्या सरासरीला पण पोचत नव्हता, पॉइंट नुसते पळण्यामुळं दिसायचे.

पण पळणं वाईट असं पण नाही, म्हणून दुसरं उदाहरण. २००४-०५ चे फिनिक्स सन्स. स्टीव्ह नॅश डॅलसहून तिथं गेला आणि ते पण सगळ्यात वेगात खेळायला लागले, ११०.४ मारले आणि १०३.३ खाल्ले. ३० टीममध्ये सगळ्यात जास्त यांनीच खाल्ले. तेव्हा सगळेच म्हणायचे की या टीमला डिफेन्स येत नाही. पण १०० ताब्यांमागं काढलं तर त्यांचा डिफेन्स सतरावा होता, म्हणजे मधला, आणि अटॅक ११४.५ वर, लीगमध्ये पहिला. ६२ मॅच जिंकल्या. दोन्ही टीम पळत होत्या, एकीला पळून फायदा झाला एकीला नाही, आणि हे मॅचच्या पॉइंटवरून कळलंच नसतं. तुमच्या पाच मॅचचे ताबे काढ आणि सरांसमोर वही ठेव. आकडा सरांच्या बाजूनं आला तर तसं पण सांग.

प्रश्न : मी कंग्राळीचा, गार्ड खेळतो. गेल्या सीझनपेक्षा यंदा माझे स्टील (समोरच्याकडनं हिसकावलेले बॉल) डबल झालेत तरी कोच म्हणतात तुझा डिफेन्स घसरलाय. असं कसं काय ओ?

उत्तर : भावा, कोच काय बघायलेत ते मी सांगू शकतो, कारण मी पण गार्डच खेळायचो आणि मला पण हेच ऐकावं लागलं होतं. स्टील वहीत लिहिलं जातं. स्टीलसाठी उडी मारलीस आणि बॉल सुटला, तुझा माणूस (तू ज्याला धरलंयस तो) मोकळा रिंगकडं गेला, आपला सेंटर (रिंगखालचा उंच खेळाडू) त्याला अडवायला आला, तुझ्या माणसानं सेंटरच्या माणसाला पास दिला आणि ले-अप (रिंगजवळचा सोपा शॉट) पडला, तर वहीत ते बास्केट सेंटरच्या माणसाच्या नावावर जातं. तुझं नाव कुठंच येत नाही.

म्हणून स्टील आणि ब्लॉकवरून (हातानं अडवलेल्या शॉटवरून) डिफेन्स मोजू नको. एकट्याचा डिफेन्स मोजणं मुळात अवघडच आहे, टीमचा मोजता येतो, १०० ताब्यांत किती खाल्ले तो. तुझ्यापुरतं एवढं कर, पुढच्या चार मॅच कुणालातरी बसव आणि तू स्टीलला हात घातलास की एक रेघ मारायला सांग. समोर तीन रकाने : बॉल मिळाला, काही झालं नाही, बास्केट खाल्लं. फाउल झाला तर तिसऱ्यातच टाक. दहा वेळा हात घालून तीन मिळाले आणि पाच खाल्ले असतील तर कोच बरोबर आहेत.

आणि पावसाळ्यातल्या मॅच वेगळ्या काढ. जुलैमध्ये आपल्याकडं सिमेंटचं कोर्ट ओलं असतं, बॉल हातातनं निसटतो, तेव्हा स्टील फुकटचे मिळतात. गेल्या सीझनच्या तुझ्या मॅच डिसेंबरातल्या आणि यंदाच्या जुलैतल्या असतील तर डबल झालेत ते पावसामुळं पण असू शकतात. तारखा बघून मला परत लिही, वही असेल तर फोटो पण टाक.